होपी शेती, निळा मका आणि कोरडं वाळवंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅरिझोनात राहायला आल्यापासून मी होपी शेतीबद्दल अधूनमधून लिहिते, आणि प्रत्येक वेळी नाशिक, सोलापूर, पुणे, शिवाय इथल्या फिनिक्स-चँडलरच्या मराठी मंडळींकडूनही तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी होपी नाही, त्यामुळे जे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय किंवा जे रस्त्यावरून, बाजारात, म्युझियममध्ये कोणालाही बघता येतं तेवढंच इथे आहे.

१. होपी म्हणजे नेमके कोण? नावाहो आणि होपी एकच का?

नाही. दोन्ही अमेरिकेतले मूळनिवासी (आदिवासी) समाज, पण पूर्ण वेगळे. भाषा वेगळी, घरं वेगळी, इतिहास वेगळा. अ‍ॅरिझोनाच्या ईशान्येला ब्लॅक मेसा नावाचं मोठं पठार आहे, त्याच्या दक्षिणेकडच्या तीन सोंडांवर (मेसा म्हणजे सपाट माथ्याचं पठार, या सोंडांनाही मेसाच म्हणतात) आणि त्यांच्या पायथ्याशी होपींची डझनभर गावं आहेत. फर्स्ट मेसावर वाल्पी, सेकंड मेसावर शुंगोपावी, थर्ड मेसावर ओराइबी आणि हॉटेव्हिला, आणि पश्चिमेला लांब ट्यूबा सिटीजवळ मोएनकोपी. ओराइबीत साधारण इसवी सन ११०० च्या सुमारापासून लोक सलग राहतायत, म्हणजे आजच्या अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या वस्त्यांपैकी ते एक. अमेरिकन सरकारने १८८२ मध्ये नकाशावर चौकोन आखून त्यांची रिझर्वेशन, म्हणजे राखीव प्रदेश, ठरवली, आणि आज तिच्या चारही बाजूंनी नावाहो नेशन, म्हणजे नावाहोंचा प्रदेश, आहे. नकाशा बघणाऱ्यांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्यात उन्हाळ्यात नावाहोंचं घड्याळ एक तास पुढे असतं आणि होपींचं नसतं, जायचं असेल तर हे लक्षात ठेवा.

२. वर्षाला जेमतेम २००-२५० मिलिमीटर पाऊस, आणि तरी मका? विहीर नाही, ठिबक नाही? कसं शक्य आहे?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो बरोबरच आहे, कारण आपल्याकडे माण-खटावला याच्या दुप्पट पाऊस पडतो आणि तरी टँकर लागतो.

मुख्य गोष्ट आहे ओल कुठे धरली जाते ही. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो, तो हळूहळू वितळून वाळूत मुरतो. वरची सैल वाळू उन्हाने कोरडी होते आणि एकदा कोरडी झाली की तीच झाकण बनते, खालची ओल उडू देत नाही. त्याच्याखाली जास्त चिकण माती लागली की पाणी अजून खाली पळत नाही. म्हणजे एप्रिल-मे मध्ये वर बघाल तर नुसता धुरळा, हाताने वीतभर उकराल तर ओली गार माती. या हिवाळ्याच्या ओलीवर पीक जुलैपर्यंत तग धरतं, आणि मग जुलै ते सप्टेंबर इथला मान्सून येतो (हो, इथेही त्याला मान्सूनच म्हणतात), तो दाणा भरायच्या वेळेला पोचतो. हिवाळ्यात बर्फ कमी पडला तर उगवणच धोक्यात, आणि मान्सून चुकला तर कणीस धोक्यात, दोन्ही लागतात.

दुसरी गोष्ट जागेची निवड. सगळी शेतं एकाच प्रकारची नसतात. काही वाळूच्या टेकाडांवर, काही ओढे जिथे पसरट होतात त्या तोंडाशी, म्हणजे वरून आलेला लोंढा तिथे मंद होऊन गाळासकट शेतात पसरतो. ओराइबी वॉश, पोलाका वॉश, डिनेबिटो वॉश हे त्यातले मोठे ओढे, एरवी ठणठणीत कोरडे. एका घराची शेतं अशी दोन-तीन ठिकाणी असली की एक लोंढ्यात वाहून गेलं तरी दुसरं हाताशी राहतं. हे शहाणपण कुठल्याही विमा योजनेपेक्षा जुनं आहे.

३. मग पेरतात कसे? नांगरट करतात का?

पारंपरिक पद्धतीत नांगरट नाहीच. आपण ज्याला टोकण म्हणतो तशी पद्धत, फक्त फार खोल. शेतकरी आधी वरची कोरडी वाळू पायाने किंवा फावड्याने बाजूला सारतो, मग टोकदार लाकडी काठीने (त्यांच्या भाषेत सूया) ओल लागेपर्यंत भोक पाडतो. ओल कधी १५ सेंटिमीटरला लागते, कधी ३०-४० ला. त्यात एकदम दहा-पंधरा दाणे टाकतो, वर ओली माती, तिच्यावर कोरडी वाळू, आणि मग दोन-तीन पावलं पुढे जाऊन पुढचं भोक. दोन चुडांमध्ये जवळपास दोन मीटर अंतर असतं. पुढच्या वर्षी गेल्या वर्षीच्या धसकटांच्या मधल्या जागेत पेरायचं, म्हणजे जमिनीचा तोच तुकडा लागोपाठ शोषला जात नाही.

आपल्या लोकांना इतकं विरळ शेत बघून ते रिकामंच वाटतं. पण प्रत्येक चुडाला आजूबाजूची ती सगळी ओल एकट्याला लागते, दाट पेरलं तर कोणालाच पुरणार नाही. इतके दाणे एकत्र का, तर काही किडा खाणार, काही उंदीर, काही कावळे, काही उगवणारच नाहीत. जास्त उगवले तर विरळणी करून चार-पाच ताटं ठेवतात. ती बाहेरची ताटं वाऱ्याचा मार खातात आणि आतली वाचतात. मे-जूनमध्ये इथला वारा वाळू उडवत येतो, रोप अक्षरशः कापलं जातं, म्हणून कोवळ्या रोपांभोवती झुडपांच्या फांद्या, दगड, तळ काढलेले जुने पत्र्याचे डबे लावतात.

पेरणीची वेळ पंचांगाने नाही, क्षितिजावर सूर्य कुठून उगवतो त्या खुणांवरून ठरते. लवकरचा गोड मका एप्रिलमध्ये, मुख्य पेरणी मे च्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, नंतर पेरलं तर थंडी कणसाला गाठते.

४. आमच्याकडचा हायब्रीड मका एक फूट खोल टाकला तर उगवेल?

नाही, कुजेल किंवा मध्येच संपेल. साधारण मका ४-५ सेंटिमीटरवर पेरायचा असतो. होपी मक्याच्या दाण्यातून निघणारा कोंब आणि दाणा यांमधला जो भाग असतो, ज्याला वनस्पतीशास्त्रात मेसोकोटिल म्हणतात, तो या मक्यात खूप लांब वाढतो, ३० सेंटिमीटरपेक्षाही जास्त, आणि कोंबाला अंधारातून वर ढकलत आणतो. शिवाय पहिलं मूळ एकच, सरळ खाली ओलीकडे धावणारं. अमेरिकन कृषी खात्याचे जी. एन. कॉलिन्स यांनी १९१४ मध्ये हे शास्त्रीय भाषेत नोंदवलं, होपींना ते अर्थातच त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून माहीत होतं, कारण हा गुण त्यांच्याच पिढ्यांनी दरवर्षी बी निवडून निवडून टिकवलाय. झाडही बुटकं, झुडपासारखं, कणसं जमिनीजवळ. उंच मका त्या वाऱ्यात उभाच राहणार नाही.

५. फक्त मकाच पिकवतात का?

नाही हो. घेवड्याचे आणि लिमा बीनचे कितीतरी प्रकार, टेपरी बीन (हे कोरडवाहूत फार चिवट), भोपळे, कलिंगडं, खरबुजं, तुंबे, सूर्यफूल (त्याच्या काळ्या बियांतून टोपल्यांसाठी आणि कापडासाठी रंग निघतो), पिकीला (प्रश्न ८ बघा) लाल रंग देणारा राजगिरा. पूर्वी स्वतःचा आखूड धाग्याचा कापूस होता, लग्नातली वस्त्रं त्याचीच. पीच आणि जर्दाळू स्पॅनिश लोकांबरोबर आले आणि मग इतके मुरले की मेसाच्या उतारांवर जुन्या बागा होत्या, आता त्यातल्या पुष्कळ वाळल्यात आणि त्या परत लावायचं काम चालू आहे (प्रश्न ११ बघा).

अपवाद म्हणून हेही सांगते, होपींकडे थोडी बागायतही आहे. हॉटेव्हिला आणि बाकावी गावांच्या खाली झऱ्यांच्या पाण्यावर दगडी बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांची छोटी वाफेशेती आहे, तिथे मिरची, कांदा, भाजीपाला. मोएनकोपीतही पाटाचं पाणी आहे. तेव्हा "होपी कधीच पाणी देत नाहीत" असं वाक्य जे सगळीकडे फिरतं ते अर्धंच खरं.

६. शेत कोणाच्या नावावर असतं? सातबारासारखं काही?

सातबारा नाही, कूळ. होपी समाज मातृवंशीय आहे, मूल आईच्या कुळाचं, आणि जमीन कुळाकडे. शेतात राबतात मुख्यतः पुरुष, पण पीक घरात आलं की ते बाईचं. बियाणं तिच्या ताब्यात, कोणतं कणीस खायचं, कोणतं पुढच्या वर्षी पेरायचं, कोणाला द्यायचं हे ती ठरवते. लग्न झालेला मुलगा बायकोच्या कुळाच्या जमिनीवर राबतो आणि पीक सासरी जातं.

म्हणूनच १८९० च्या दशकात सरकारने जमिनीचे तुकडे करून एकेकाच्या नावावर करायचा घाट घातला तेव्हा होपींनी कडाडून विरोध केला. तुकडे झाले असते तर ओढ्याने वाट बदलली की एकाचं सगळं गेलं असतं आणि बायकांचा हक्कही गेला असता.

७. निळ्या मक्यालाच इतका मान का? पांढरा, लाल, पिवळा नाही का?

सगळे रंग आहेत, प्रत्येक रंगाची एक दिशा आहे, प्रत्येकाचं काम वेगळं. पण होपींच्या उगमकथेत लोक या जगात आले तेव्हा वेगवेगळ्या कणसांतून एक निवडायला सांगितलं गेलं, बाकीच्यांनी मोठी मोठी उचलली आणि होपींच्या वाट्याला आलं ते छोटं निळं कणीस, म्हणजे कष्टाचं पण टिकणारं आयुष्य. इथल्या राखणदाराने, मासाव त्याचं नाव, त्यांना दिलं काय, तर पेरायची काठी, बी आणि पाण्याचा तुंबा. जमीन त्याची, आपण फक्त सांभाळायची.

मूल जन्मलं की त्याच्याजवळ एक निर्दोष, टोकापर्यंत भरलेलं कणीस ठेवतात, ती त्याची मका-आई. शेतकरी रोपांशी लेकरांशी बोलावं तसं बोलतात, त्यांना गाणी म्हणतात. हे मी टुरिस्ट ब्रोशरमधलं गोड वर्णन म्हणून लिहीत नाहीये. ज्या शेतात एका रोपामागे इतकी मेहनत आहे तिथे माणूस रोपाला ओळखतोच.

८. पिकी म्हणजे काय? त्यात राख घालतात हे खरं आहे?

खरं आहे, आणि राखेशिवाय पिकी होतच नाही.

पिकी म्हणजे निळ्या मक्याच्या पिठाची कागदाहून पातळ, गुंडाळलेली कुरकुरीत भाकरी. खानदेशातले मांडे ज्यांनी खापरावर करताना बघितलेत त्यांना हे काम किती हातखंड्याचं आहे ते लगेच कळेल. मका पाट्यावर वाटून अगदी बारीक पीठ करतात, उकळत्या पाण्यात कालवतात, मग सॉल्टबुश नावाच्या खारट झुडपाची राख पाण्यात भिजवून, गाळून ते पाणी घालतात. राखेचं पाणी पडलं की करडं-जांभळट पीठ निळसर-हिरवं होतं, तो बदल डोळ्यांसमोर होतो.

दगड वेगळाच. गुळगुळीत घासलेला सपाट काळा दगड, खाली लाकडांचा जाळ, वर कलिंगडाच्या बियांचं तेल किंवा मेंढीचा मेंदू चोळून मुरवलेला, आईकडून लेकीकडे जाणारा. बाई बोटं पातळ पिठात बुडवते आणि त्या तापलेल्या दगडावरून सरळ हात फिरवते, चटका बसायच्या आत परत पिठात, परत दगडावर, तीन-चार फराट्यांत दगड झाकला जातो. काही सेकंदांत कडा सुटतात. ती पापुद्र्यासारखी शीट उचलून बाजूला ठेवते, पुढची टाकते, आणि पुढची भाजत असताना आधीची तिच्यावर क्षणभर ठेवते म्हणजे वाफेने मऊ पडते आणि घडी घालून गुंडाळता येते, नाहीतर तिचा चुरा होईल. चव अगदी हलकी, मक्याची आणि किंचित धुराची.

राखेचं शास्त्र असं की मक्यातलं नायसिन (एक ब जीवनसत्त्व) बांधलेल्या अवस्थेत असतं, नुसता मका खाऊन शरीराला ते मिळत नाही. अल्कली मिळाली की ते मोकळं होतं, वर राखेतून कॅल्शियम आणि बाकी खनिजं. युरोपात मका नेला पण ही रीत नेली नाही, तिथे गरिबांमध्ये पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेने होणारा रोग, पसरला.

९. सणवार, कचिना (होपींच्या श्रद्धेतले पूजनीय आत्मे), नाच यांचा शेतीशी संबंध काय? त्याबद्दल अजून लिहा ना.

संबंध मुळापासून आहे. फेब्रुवारीत पोवामूया नावाच्या सणाच्या वेळी बाहेर बर्फ असताना किव्हात, म्हणजे जमिनीखालच्या विधीच्या खोलीत, घेवड्याची रोपं उगवतात. जुलैत नीमान नावाचा सण होतो आणि तोपर्यंत लवकर पेरलेला गोड मका हाताशी आलेला असतो. लग्नाआधी मुलगी नवऱ्याच्या आईच्या घरी जाऊन कित्येक दिवस मका दळते, आणि नवऱ्याकडचे पुरुष तिच्यासाठी वस्त्रं विणतात. मका नसेल तर नामकरण नाही, लग्न नाही, सण नाही.

याहून जास्त लिहिणार नाही. विधींची माहिती ज्याची त्याची असते, होपींमध्येही विधी सांभाळणाऱ्या एका मंडळाची गोष्ट दुसऱ्या मंडळातल्याला सांगत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी संशोधकांनी न विचारता खूप काही छापून टाकलं, फोटो काढले, आणि त्याचा त्रास आजही त्यांना होतो. मेसेज करून आग्रह करू नका, प्लीज.

१०. इतकं सगळं चांगलं होतं तर मग शेती कमी का झाली?

एका कारणाने नाही. सुरुवात मुलांपासून झाली. १८८० च्या दशकापासून सरकारी बोर्डिंग शाळांत मुलांना नेलं गेलं, भाषा बंद, केस कापलेले, आणि नेमक्या त्या वयात शेत शिकायचं राहिलं. ज्या बापांनी मुलं द्यायला आणि जमिनीचे तुकडे करायला नकार दिला त्यातल्या १९ जणांना अटक करून १८९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्काट्राझ बेटावर कैदेत ठेवलं, बरेच महिने. शेतकरी होते ते. अल्काट्राझला फिरायला जाणाऱ्या आपल्या लोकांना तिथले गुंड माहीत असतात, हे एकोणीस जण माहीत नसतात.

मग नोकरी आली. पगारासाठी फ्लॅगस्टाफ, विन्स्लो, फिनिक्स गाठायचं, आणि पेरणी-राखण तर रोजची कामं, शनिवार-रविवारी येऊन होत नाहीत. त्याच काळात सरकारी वाटपाचं अन्न सुरू झालं, मैदा, चरबी, साखर, डबाबंद मांस. दुकानं लांब, त्यात ताजं कमी. डायबेटिस घराघरात पोचला. घरात शेती असताना जो मका दोन-तीन वर्षांचा साठवलेला असायचा, रंगानुसार रचून भिंतीला लावलेला, ती खोली रिकामी झाली.

आणि पाणी. कोळसा खाणीने ब्लॅक मेसाखालचा एन-अ‍ॅक्विफर नावाचा भूजलसाठा उपसला. कोळशाचा चुरा पाण्यात मिसळून तो चिखल सुमारे ४४० किलोमीटर पाइपातून नेवाडातल्या मोहावी वीज केंद्राला ढकलत होते, आणि त्यासाठी वर्षाला जवळपास ४९० कोटी लिटर पिण्याजोगं पाणी जात होतं. झरे आटत चालल्याचं गावकरी वर्षानुवर्षं सांगत राहिले, कंपनी नाही म्हणत राहिली. होपींचे माजी चेअरमन व्हर्नन मासायेस्वा यांनी ब्लॅक मेसा ट्रस्ट काढून हा लढा दिला. २००५ च्या शेवटी ते वीज केंद्र आणि तो पाइप बंद झाला, आणि २००६ मध्ये होपी धावपटू पाण्याचा निरोप घेऊन थेट मेक्सिको सिटीच्या जागतिक जल परिषदेपर्यंत धावत गेले. दुसरी बाजूही सांगायला हवी, ट्रायबल सरकारच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा कोळशाच्या रॉयल्टीतून यायचा, २०१९ मध्ये उरलेली खाणही बंद झाल्यावर तो खड्डा पडला आणि तो अजून भरलेला नाही.

११. आता कोण काय करतंय? काही आशा आहे का?

आहे, आणि ती होपी लोकांनीच उभी केलेली आहे. १९८७ मध्ये होपी फाउंडेशन सुरू झालं, त्याच्या छत्राखाली २००४ पासून नातवानी कोएलिशन काम करतं, त्यांनी शेती आणि खाणं यावर परिसंवाद घेतले, शाळांसाठी धडे तयार केले, बियाणांची देवाणघेवाण भरवली. थर्ड मेसाजवळच्या कीकॉट्समोव्ही गावात लिलियन हिल यांनी सुरू केलेलं होपी तुत्स्क्वा पर्माकल्चर आहे, ते तरुण मुलांना हाताशी धरून फळबागा लावतात, झऱ्यांच्या जुन्या वाफ्यांची डागडुजी करतात, मातीची घरं बांधायला शिकवतात.

आणि डॉ. मायकल कोटुत्वा जॉन्सन, स्वतः पिढीजात होपी शेतकरी, अ‍ॅरिझोना विद्यापीठातून पीएचडी केलेले. ते आजही आजोबांनी शिकवलेल्या पद्धतीने पेरतात आणि शास्त्रज्ञांच्या सभेत जाऊन सांगतात की ही शेती म्युझियमची वस्तू नाही, चालू आहे.

मला विचाराल तर या सगळ्यातलं महत्त्वाचं काम म्हणजे मुलं परत शेतात नेणं. बी फ्रीजमध्ये ठेवता येतं, पण ओल हाताला कशी लागली की भोक पुरेसं खोल झालं, ही समज फ्रीजमध्ये ठेवता येत नाही, ती फक्त काका-आजोबांच्या मागे मागे चालून येते.

१२. सरकारी अनुदान मिळत नाही का? अमेरिकेत तर शेतीला खूप सबसिडी आहे म्हणतात.

आहे, पण अर्जाची चौकट दुसऱ्याच शेतीसाठी बनवलेली आहे. कृषी खात्याच्या संवर्धन योजना ठराविक मानकांना पैसे देतात, आणि जॉन्सन यांचा जुना मुद्दा हाच की ज्या पद्धतीने हजारो वर्षं माती टिकली ती त्या यादीत बसत नाही. शिवाय जमीन कुळाची (प्रश्न ६), वर फेडरल सरकारच्या ट्रस्टमध्ये, मग अर्जदाराने मालकीचा कागद कुठून आणायचा? सामाईक जमिनीवर राबणाऱ्या आपल्याकडच्या आदिवासी शेतकऱ्याला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

१३. ट्रॅक्टर वापरला तर ती होपी शेती राहते का?

यावर होपींमध्येच मतं वेगळी आहेत. बरेच जण ट्रॅक्टर वापरतात, वय झालेल्यांना आणि नोकरी सांभाळून शेती करणाऱ्यांना त्याशिवाय जमणार नाही. आक्षेप असा की ट्रॅक्टरने वरची वाळू उलटीपालटी झाली की खालची ओल उघडी पडते आणि वारा माती उडवून नेतो, म्हणजे प्रश्न २ मध्ये सांगितलेलं झाकणच निघतं. माझं मत विचारू नका, तो निर्णय त्यांचा.

१४. एवढा दुष्काळ पडतोय, ही पद्धत तरी टिकेल का?

इथे खोटं सांत्वन देणार नाही. २००० सालानंतर अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात जो लांबलेला दुष्काळ आहे त्याने होपी शेतंही पोळली, काही वर्षं कित्येकांच्या हाती फारच कमी आलं. काही जण कोवळ्या रोपांना पिकअपमधून पिंपाने पाणी आणून घालतात, काही घालत नाहीत.

पण पीक बुडालं म्हणून बी संपत नाही, कारण शहाणी बाई सगळं बी एका वर्षी कधीच शेतात टाकत नाही. मागच्या दोन-तीन वर्षांचं राखून ठेवते. आणि वाईट वर्षात जे दोन-चार चूड तगले त्यांचंच कणीस बियाला निवडलं जातं, म्हणजे दुष्काळच पुढच्या पिढीची निवड करतो. म्हणून जॉन्सनसारखे लोक म्हणतात की हे बी दरवर्षी पेरलंच पाहिजे, कपाटातलं बी बदलत्या हवेशी जुळवून घेत नाही.

१५. जीएम (जनुकीय बदल केलेल्या) मक्याचे परागकण उडून येऊन मिसळले तर?

भीती खरी आहे, मक्याचं परागीभवन वाऱ्यानेच होतं. मेसांच्या आसपास व्यापारी मक्याची शेतं फारशी नाहीत ही जमेची बाजू. घरच्या रंगांची आपापसात सरमिसळ होऊ नये म्हणून वेगवेगळे रंग लांब लांबच्या शेतांत लावतात. धोका जास्त आहे तो बाहेरून आणलेल्या पाकिटातल्या बियाचा.

१६. ऑनलाइन "होपी ब्लू" नावाने बी मिळतं, घेऊ का?

कायद्याने कोणी अडवणार नाही. पण थांबून विचार करा. त्या पाकिटावर नाव होपींचं, पैसे मात्र बहुतेक वेळा त्यांच्याकडे जात नाहीत, आणि ज्या बियाला ते कुटुंबातलं माणूस मानतात ते विकलं जाणं त्यांच्यातल्या अनेकांना पटत नाही. टुसॉनला नेटिव्ह सीड्स सर्च ही १९८३ पासूनची संस्था आहे, ती या भागातली देशी बियाणी जपते आणि आदिवासी समाजांना बी मोफत देते, इतरांनी माहितीसाठी तिथून सुरुवात करावी. खायचं असेल तर थेट होपी माणसाकडून पीठ किंवा पिकी विकत घ्या, हा सगळ्यात सरळ मार्ग.

१७. भारतात आणून लावता येईल का? माझी पाच एकर जिरायत आहे.

नका आणू. पहिलं, बॅगेत घालून बी आणणं बेकायदा आहे, २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. दुसरं, ते येणारही नाही. हा मका हिवाळ्याच्या बर्फाची ओल, सैल वाळू, कोरडी हवा आणि उन्हाळ्यातला मोठा दिवस यांना जुळलेला. आपल्या काळ्या मातीत जुलैत एक फूट खोल दाणा टाकाल तर पाणी साचून तो कुजेल. तिसरं कारण प्रश्न १६ मध्ये आहे.

आणि तुमच्याकडे याच जातीचं ज्ञान आधीच आहे की! मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी बघा. पावसाळ्यात काळ्या खोल जमिनीत मुरलेल्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि नुसत्या त्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर फेब्रुवारीत काढायची, तत्त्व तेच, साठवलेल्या ओलीची शेती. त्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात देशी वाणांची बँक उभी केली, त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. तुमच्या आजीच्या घरचं एखादं वाण उरलं असेल तर २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याचं वाण म्हणून त्याची नोंदणी करता येते. पाच एकरांतला अर्धा एकर त्याला द्या.

१८. ग्रँड कॅन्यनला जाताना होपी गावं बघता येतील का?

येतील, हायवे २६४ तिन्ही मेसांवरून जातो, विन्स्लोकडून आलात तर ८७ ने सेकंड मेसाला निघता. पण नियम पक्के आहेत. गावांत फोटो नाही, व्हिडिओ नाही, रेकॉर्डिंग नाही, स्केच काढणंही नाही, ड्रोन तर अजिबात नाही. शेतात पाय टाकायचा नाही, ते रिकामं दिसलं तरी (प्रश्न ३). काही विधी बाहेरच्यांना बंद असतात आणि त्या दिवशी गावच बंद असू शकतं, पाटी वाचा आणि मुकाट परत फिरा. जुन्या गावांत होपी गाइड घेऊनच जा.

सेकंड मेसाच्या कल्चरल सेंटरमध्ये रेस्टॉरंट आहे, तिथे नोक्विवी मिळालं तर मागवा, सोललेला मका आणि मेंढीच्या मांसाचा रस्सा. शाकाहारी असाल तर आधी विचारा, बीन्सही मांसात शिजवलेले असू शकतात. रस्त्याच्या कडेला कोणी पिकी किंवा भाजलेला मका घेऊन बसलं असेल तर सुटे डॉलर जवळ ठेवा, कार्ड चालेलच असं नाही, आणि घासाघीस करू नका. पिकीचं पुडकं गाडीत मागच्या सीटवर सामानाखाली ठेवू नका, मांडीवर घ्या, फिनिक्सपर्यंत चुरा होतो.